नवी खुर्ची आली, एवढंच : शांत विनोदी मालिका लोकांना का आवडतात?

काका खोलीत आले तेव्हा मी 'पंचायत' या हिंदी मालिकेच्या पहिल्या सीझनमधला एक भाग पाहत होतो. त्यांनी पाचेक मिनिटं दारातच उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "काय चाललंय हे?"

"ग्रामपंचायतीच्या सचिवाने नवी खुर्ची आणलीय. चाकांची."

"मग?"

"प्रधानजींना, म्हणजे गावच्या सरपंचांना, ते खटकलंय."

"मग?"

"मग काही नाही. तेच चाललंय."

काकांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दोघांपैकी नेमकं काय बिघडलंय याचा अंदाज घेतल्यासारखं. "अरे, पण यात घडत तर काहीच नाही!" म्हणाले, आणि बातम्यांची वेळ झाली म्हणून निघून गेले.

काकांची शंका रास्त आहे आणि ती त्यांच्या एकट्याची नाही. 'पंचायत' एप्रिल २०२० मध्ये आली, जून २०२५ मध्ये तिचा चौथा सीझन आला. मधे २०२३ साली भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेब मालिकांसाठी पुरस्कार सुरू झाला, आणि तो पहिलाच पुरस्कार हिच्या दुसऱ्या सीझनने नेला. खून नाही, खजिना नाही, कारस्थानी सासू नाही, एकाच चेहऱ्यावर तीनदा आदळणारा कॅमेरा नाही. एक वैतागलेला इंजिनिअर, एक छोटं गाव आणि एक खुर्ची. तरी लोक रात्री जागून आठच्या आठ भाग एका बैठकीत संपवतात. हे कसं काय?

'शांत विनोद' म्हणजे नक्की काय?

विनोदी मालिकेचा सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे सिटकॉम, म्हणजेच सिच्युएशन कॉमेडी. तीच माणसं, तीच जागा आणि दर भागाला नवी अडचण. भाग संपला की अडचण मिटते आणि माणसं होती तिथेच राहतात. शांत विनोदी मालिका ही त्याच घरातली धाकटी बहीण. दोघींत फरक आहे तो अडचणीच्या आकाराचा.

नेहमीच्या सिटकॉममध्ये अडचण फुगत जाते. कोणीतरी एक थाप मारतं, ती झाकायला दुसरी मारावी लागते, मग एक जण कपाटात लपतो आणि नेमके तेव्हाच साहेब घरी येतात. शांत मालिकेत अडचण वाढत नाही. असते तेवढीच राहते, आपण मात्र तिच्या जवळ जवळ सरकत जातो. नखाशेजारी सालपट निघतं तसं. बाकी जगाला ते दिसतही नाही, पण ज्याचं बोट आहे त्याचं दिवसभर दुसरीकडे लक्ष लागत नाही.

२०१४ साली बीबीसी फोरवर आलेली 'डिटेक्टरिस्ट्स' घ्या. मॅकेंझी क्रूक याने ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि टोबी जोन्ससोबत तीत कामही केलं. दोन मध्यमवयीन मित्र धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून फिरतात. डोळ्यांपुढे प्राचीन सोन्याचं स्वप्न. यंत्र वाजतं, गुडघे टेकून खणतात आणि हाताला लागते ती पेयाच्या जुन्या डब्याची ओढून काढायची कडी. त्यातला एक जण तर ती कडी कुठल्या पेयाची, कुठल्या सालची हेही गंभीरपणे सांगतो. विनोद म्हणाल तर इतकाच. पण ते गांभीर्य पाहून मी सोफ्यावरून घसरलो होतो.

इथे एक खुलासा हवा. शांत म्हणजे गोड असं नाही. २००१ साली बीबीसीवर सुरू झालेली मूळ 'द ऑफिस' आवाजाने शांत आहे, पण तिच्यातला साहेब जेव्हा स्वतःला सगळ्यांचा लाडका समजून विनोद करतो, तेव्हा उशीत तोंड लपवावंसं वाटतं. मूळ मालिकेचे सगळे मिळून १४ भाग झाले. तिच्या अमेरिकी अवताराचे २०१. अमेरिकी अवतार जास्त प्रेमळ आहे, म्हणूनच तो इतका लांबू शकला असं माझं मत. लाज वाटायला लावणारा माणूस १४ भाग सोसवतो, २०१ नाही.

'इथे हसा' असं कोण सांगतं?

हा प्रकार समजून घ्यायचा तर टीव्हीवरच्या हशाचा थोडा इतिहास बघावा लागतो, आणि तो मजेशीर आहे.

नाटकात प्रेक्षक एकत्र बसलेले असतात. एक हसला की शेजारचा हसतो. टीव्ही आला आणि प्रेक्षक आपापल्या घरात सुटा झाला. त्याला गर्दीचा भास द्यायचा कसा? १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लुसी'ने स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवले आणि तीन कॅमेऱ्यांनी प्रवेश सलग चित्रित केले. हशा खरा होता, आणि कित्येक दशकं सिटकॉमचा साचा हाच राहिला. दुसरा मार्ग स्वस्तातला होता, आधी ध्वनिमुद्रित केलेला हशा नंतर चिकटवायचा. यालाच लाफ ट्रॅक म्हणतात. १९५० साली 'द हँक मॅक्यून शो'मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला.

पुढे चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्याचं चक्क यंत्र बनवलं. बटणं दाबायची : हे खुसखुशीत हसणं, हे पुरुषी गडगडाटी, हे एका बाईचं उशिराने कळल्यासारखं. किती वेळ हसायचं ते पायाखालच्या पेडलवर. यंत्र तो कुलपात ठेवायचा आणि काम करताना कोणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. कित्येक वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत जो हशा ऐकू येत होता, तो एका माणसाच्या बोटांतून निघत होता. त्याच्यावरच एखादी शांत विनोदी मालिका व्हायला हवी.

लाफ ट्रॅक म्हणजे जिन्याचा कठडा. आधार देतो, पण कठडा धरून उतरणारा पायऱ्यांकडे बघत नाही.

कठडा काढला की काय होतं, याचा नमुना म्हणजे १९७२ ते १९८३ चाललेली अमेरिकी मालिका 'मॅश'. कोरियन युद्धातलं लष्करी इस्पितळ आणि थट्टा करून जीव शाबूत ठेवणारे डॉक्टर. निर्मात्यांना हशा नको होता, वाहिनीला हवाच होता. तडजोड ठरली, शस्त्रक्रियेच्या प्रवेशात हशा नाही, बाकी ठिकाणी चालेल. ब्रिटनमध्ये बीबीसीने मात्र ती हशाविना दाखवली. एकच मालिका दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टी झाली. हशासकट पाहिली तर डॉक्टर हजरजबाबी वाटतात, हशाशिवाय पाहिली तर थकलेले. वाक्यं तीच.

हशा गेला की नटाचंही काम बदलतं. समोर प्रेक्षक असले की वाक्य फेकावं लागतं, हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं. नसले की पुटपुटता येतं, वाक्य अर्धवट सोडता येतं, नुसतं बघता येतं. १९९८ च्या 'द रॉयल फॅमिली' या ब्रिटिश मालिकेत एक कुटुंब बहुतेक वेळ दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेलं असतं आणि आपण टीव्हीवर त्यांना टीव्ही बघताना बघतो. स्टुडिओतल्या प्रेक्षकांपुढे हे जमलंच नसतं. कॅरोलाइन अहर्न ही त्यातली लेखिका आणि अभिनेत्री याबद्दल हट्टाला पेटली होती, म्हणून ते झालं.

'द ऑफिस'ने आणखी एक युक्ती केली. सगळा मामला माहितीपट असल्याचं सोंग आणलं. त्यामुळे पात्रांना ठाऊक असतं की कॅमेरा आहे. साहेब काहीतरी भलतंच बोलतो आणि कोपऱ्यातला कर्मचारी एक क्षण कॅमेऱ्याकडे बघतो. 'बघितलंत ना?' एवढंच ते बघणं. नीट पाहिलं तर हाही लाफ ट्रॅकच आहे, फक्त बिनआवाजाचा. गर्दीच्या जागी एकच साक्षीदार.

लिफ्टमधलं अर्धं मिनिट

आता एक प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून बघू. एकाच इमारतीत काम करणारे दोन ओळखीचे लोक. संध्याकाळी व्हरांड्यात भेटले, पाच मिनिटं बोलले, "चला, भेटू मग उद्या" म्हणून व्यवस्थित निरोप घेतला. आणि दोघं एकाच लिफ्टपाशी येऊन उभे राहिले.

मोठ्या आवाजाच्या मालिकेत काय होईल? लिफ्ट बंद पडेल. अंधार होईल. एक जण किंचाळेल, दुसरा मरण जवळ आल्याच्या भीतीने कबूल करेल की तुझी बढती मीच अडवली होती, आणि तेवढ्यात दिवे येतील. हशा, टाळ्या. यात वाईट काही नाही. चांगल्या नटांनी केलं तर मीही हसेन.

शांत मालिकेत लिफ्ट बिघडत नाही. दोघं आत शिरतात. दार बंद होतं. निरोप तर घेऊन झालाय; आता बोलायचं काय? एक जण वरच्या आकड्यांकडे बघतो. दुसराही आकड्यांकडे बघतो, जणू या लिफ्टला पाचानंतर चारच येतात की नाही याची खात्री करायची आहे. पहिला म्हणतो, "हं." दुसरा म्हणतो, "हो ना." कशाला हो, ते दोघांनाही माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबते, दार उघडतं, बाहेर कोणीच नाही. दार आपलं आपण मिटायला लागलेलं असतं, तेवढ्यात दुसरा घाईघाईने दार मिटायचं बटण दाबतो. पहिला म्हणतो, "थँक यू." तळमजला येतो. दोघं एकाच वेळी निघतात, एकाच वेळी थांबतात. "तुम्ही आधी." "नाही, नाही, तुम्ही." शेवटी, "चला, भेटू मग उद्या." दुसऱ्यांदा.

यात विनोदाचं एकही वाक्य नाही. पण ते "थँक यू" वाचताना तुम्हाला तुमची एखादी लिफ्ट आठवली असेल. या सगळ्या प्रकाराचं मर्म तिथे आहे. तो विनोद मी तुम्हाला सांगितला नाही, तुम्हाला सापडला. इतरांनी सांगितलेल्या विनोदाला माणूस हसून मोकळा होतो. सापडलेला मात्र आपला वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

एवढ्याशा गोष्टीला एवढं महत्त्व का?

नाटक-सिनेमावाले लोक विचारतात, 'पणाला काय लागलंय?' साहसकथेत जीव पणाला असतो. खुर्चीत काय असणार?

पण खुर्ची पुन्हा एकदा बघा. सचिव हा बाहेरून आलेला पोरगेला नोकर. प्रधानजी गावचे कर्तेधर्ते. आणि हा पोरगा त्यांच्यासमोर त्यांच्याहून भारी खुर्चीत बसणार. बोलायची सोय नाही, कारण बोललं तर आपण एका खुर्चीवरून नाराज झालोय हे कबूल करावं लागेल. त्यात आणखी एक पीळ आहे. कागदोपत्री प्रधान आहेत त्यांच्या पत्नी मंजूदेवी; कारभार मात्र हेच हाकतात. म्हणजे जी खुर्ची मुळात स्वतःची नाही तिच्यात बसलेला माणूस दुसऱ्याच्या खुर्चीवरून अस्वस्थ झालाय. हे कोणी भाषण करून सांगत नाही. तुम्हाला दिसलं तर दिसलं.

बाहेरून बघणाऱ्याला पणाला लागलेली गोष्ट क्षुल्लक वाटते, आतल्या माणसाला ती डोंगराएवढी. मधल्या त्या फरकात हसू असतं. एरवी आपले दिवस तरी कसल्या काळज्यांत जातात? मेसेजला उत्तर आलं नाही, साहेब 'बघू' म्हणाले ते कुठल्या सुरात म्हणाले, ज्याचं नाव आपण विसरलो त्याने आपल्याला नावाने हाक मारली. तलवारी काही रोज उपसल्या जात नाहीत.

वाहिन्यांना हे पटायला वेळ लागला. 'साइनफेल्ड' या अमेरिकी सिटकॉमचा १९९१ मधला एक भाग अख्खाच्या अख्खा एका रेस्टॉरंटच्या दाराशी टेबलाची वाट पाहण्यात जातो. तिघं उभे आहेत, नाव पुकारलं जात नाही, संपलं. एनबीसी या तिच्या वाहिनीच्या अधिकाऱ्यांना हे पसंत नव्हतं. गोष्ट कुठाय, अशी त्यांची तक्रार. आज तो भाग त्या मालिकेच्या सर्वोत्तम भागांत धरतात. (साइनफेल्डमध्ये हशा भरपूर आहे, त्यामुळे ती काही शांत मालिका नव्हे. पण क्षुल्लक गोष्टींसाठी दार तिनेच किलकिलं केलं.)

विनोदच नाही, तर हसू कशाचं?

हसण्याबद्दल सगळ्यात जुनी समजूत अशी की आपण दुसऱ्याच्या फजितीला हसतो. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने याला स्वतःच्या श्रेष्ठपणाची अचानक झालेली जाणीव म्हटलं. दुसरं मत जर्मन तत्त्वज्ञ कांटचं. अपेक्षा ताणली जाते आणि एकदम फुस्स होते, म्हणून हसू येतं. चुटक्यांना ते चपखल लागू पडतं.

पण रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने वेगळंच केलं. चुटके ऐकवून माणसांना प्रयोगशाळेत हसवण्याऐवजी तो आणि त्याचे विद्यार्थी सार्वजनिक जागी लोकांच्या गप्पा ऐकत बसले आणि कोण कशानंतर हसतंय ते टिपून घेतलं. निघालं असं, की हसण्याच्या आधीचं वाक्य थोडंफार तरी विनोदी असण्याचं प्रमाण जेमतेम १० ते २० टक्के. बाकीची वाक्यं "बरं, निघतो आता" छापाची. दुसरी गोष्ट, एकटं असताना हसण्यापेक्षा माणूस इतरांसोबत असताना सुमारे ३० पट जास्त हसतो. थोडक्यात, आपण रोज हसतो ते विनोदामुळे कमी आणि सोबतीमुळे जास्त.

शांत मालिका नेमकं हे पकडते. चुटक्यांची मालिका ही प्रयोगशाळेतल्या हसण्यासारखी; शांत मालिका गप्पांतल्या हसण्यासारखी. ती गप्पाच दाखवते, अर्धवट वाक्यांसकट.

२०१० मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी मांडलेला विचारही इथे उपयोगी पडतो. काहीतरी चुकतंय आणि तरी बिघडत काहीच नाही, या दोन्ही गोष्टी एकदम जाणवल्या की हसू येतं. लिफ्टमध्ये निरोपाचा नियम मोडला, पण कोणाचं काय गेलं? चूक जितकी बारीक, तितकं बिघडण्याचं भय कमी. म्हणून अशा मालिकेत पोट धरून हसणं क्वचित होतं. ओठांचा एक कोपरा वर जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो.

ही माणसं ओळखीची का वाटतात?

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अभ्यासकांनी एक निरीक्षण नोंदवलं. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाची ओळख होते, पण एकाच बाजूने. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला नाही. या एकतर्फी ओळखीला तेव्हापासून शास्त्रीय नाव मिळालं. आपल्याला 'एकतर्फी ओळख' पुरेसं आहे.

सगळ्याच मालिकांत ती होते, पण शांत मालिकेत ती लवकर मुरते. शेजारी कसे ओळखीचे होतात? एखाद्या मोठ्या संकटात एकत्र सापडून नाही. जिन्यात रोज दिसून, कुलूप लावताना दोनदा ओढून बघायची त्यांची सवय लक्षात येऊन. ही मालिकाही पात्रांच्या अशाच सवयींवर उभी असते. आजारपणात किंवा झोप येत नसताना लोक पाहिलेलीच मालिका पुन्हा लावतात तीही त्यामुळे. पुढे काय होणार हे माहीत असतं, म्हणूनच तर लावतात.

आणि या ओळखीची किंमत कधीतरी मोजावी लागते. ('पंचायत'चा दुसरा सीझन पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

त्या सीझनच्या शेवटी गावातल्या प्रल्हादचा सैन्यातला मुलगा शहीद होतो. जिथे आतापर्यंत भांडणं झाली ती चप्पल-खुर्चीवरून, तिथे शवपेटी येते. युद्धपटात अशी पेटी आपण अनेकदा पाहिलेली असते आणि पुढचा प्रवेश बघतो. इथे हात रिमोटपर्यंत जात नाही. इतके भाग आपण प्रल्हादला रिकामटेकड्या गप्पा मारताना पाहिलंय. त्याचं गप्प होणं कळायला पार्श्वसंगीत लागत नाही.

"सरळ सांगा ना, कंटाळवाणं आहे!"

कधी कधी असतं. शांत आणि सैल यात फरक आहे, आणि गेल्या काही वर्षांत सैल मालिका उदंड झाल्या. पिवळसर ऊन, खिडकीत बसलेलं कोणीतरी, मागे गिटार आणि निवेदकाच्या तोंडी आयुष्याबद्दल एखादं शहाणं वाक्य. असं वाक्य आलं की रिमोट शोधावा. 'गुल्लक' ही मला आवडणारी मालिका. एका मध्यमवर्गीय घरातली गुल्लकच, म्हणजे पैसे साठवायचा गल्लाच, निवेदन करते, कल्पना झकास. पण कधी कधी तीही गुल्लक प्रसंग संपल्यावर त्याचा अर्थ समजावत बसते, तेव्हा वाटतं, बाई, कळलं आम्हाला.

पारख करायची एक सोपी रीत आहे. प्रसंग संपल्यावर दोन माणसांमधलं अंतर केसभर तरी हललं का, ते बघायचं. लिफ्टच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण नक्की जिन्याने जाणार. हललं नसेल, तर तो प्रसंग शांत नाही, रिकामा आहे.

दुसरं असं की या मालिका कानाने बघता येत नाहीत. भरतकाम, चालू टीव्ही आणि हातात फोन, अशा प्रकारे बऱ्याच मालिका पाहता येतात, कारण महत्त्वाचं सगळं बोलून दाखवलं जातं. इथे महत्त्वाचं असतं ते एक बघणं, एक न बोलणं. फोनकडे मान खाली गेली की भाग खरोखरच रिकामा होतो. मग 'काहीच घडत नाही' ही तक्रार खरीच.

"पण रोजचं आयुष्य म्हणजे नेमकं कोणाचं?"

हा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मला त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही. साध्या आयुष्याचं चित्र काढताना काय वगळलं जातं? 'पंचायत'च्या फुलेरा गावात पाण्याच्या टाकीवरून, दिव्यांवरून राजकारण होतं, पण जात जवळपास दिसतच नाही. खऱ्या गावात ती पहिल्या पाच मिनिटांत दिसते. भांडण छोटं ठेवायचं म्हणून मोठं भांडण घराबाहेर ठेवलं, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे.

मात्र छोट्या चौकटीत मोठी गोष्ट येऊच शकत नाही, हे खरं नाही. त्याच मालिकेच्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग बघा. प्रजासत्ताक दिनाला झेंडा खऱ्या प्रधानांनी, म्हणजे मंजूदेवींनी फडकवावा अशी वेळ येते, आणि त्यांना राष्ट्रगीत पाठ नाही. घरच्या कामात गुंतलेली एक बाई राष्ट्रगीताच्या ओळी घोकतेय, अडखळतेय, पुन्हा सुरुवात करतेय. भाग हसवतो. पण महिला आरक्षण कागदावर येणं आणि बाईने प्रत्यक्ष झेंड्याची दोरी ओढणं यात किती अंतर आहे, ते त्या अडखळण्यात दिसतं. याउलट चौथ्या सीझनमध्ये निवडणुकीचा मोठा सामना आला, घोषणा आल्या, डावपेच आले, आणि माझ्या मते मालिका खुर्चीच्या दिवसांपेक्षा लहान झाली.

हे आत्ताच का?

आत्ताच असं नाही. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ झाले होते, १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' आली, १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली 'वागळे की दुनिया'. एकच वाहिनी होती, आरडाओरडा करून प्रेक्षक खेचायची गरज नव्हती. मग वाहिन्या शंभर झाल्या आणि प्रत्येकीला रिमोटवरचं बोट थांबवायचं होतं, आवाज चढला. आता लोक स्वतः निवडून, पुष्कळदा एकटेच, कानात इअरफोन घालून बघतात. एकट्या माणसाला खोटी गर्दी नको असते. त्याला कोणीतरी शेजारी बसून बघतंय एवढं वाटलं तरी पुरतं, आणि आवाज पुन्हा उतरला.

काकांची छत्री

काकांना मी हे सगळं सांगून पाहिलं. पटलं नाही. "गोष्टीत काहीतरी घडलं पाहिजे," म्हणाले.

हेच काका, घरात चार पाहुणे जमले की, गेली तीसेक वर्षं एक गोष्ट सांगतात. त्यांच्या कचेरीत पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलवरचे गृहस्थ चुकून त्यांची छत्री घेऊन गेले. काकांना त्यांची उचलावी लागली. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही लक्षात आलं. पण त्यांनी आधी बोलावं असं यांना वाटलं आणि यांनी आधी बोलावं असं त्यांना. तो पावसाळा गेला. पुढचा गेला. दोघं रोज एकमेकांची छत्री घेऊन यायचे, एकाच खुंटीशेजारी टांगायचे आणि संध्याकाळी न चुकता चुकीचीच उचलायचे. काकू दर वेळी म्हणतात, "अहो, किती वेळा तेच," आणि दर वेळी शेवटापर्यंत थांबतात. कारण त्या गृहस्थांच्या निरोप समारंभाचा भाग अजून यायचा असतो. हार-तुरे झाले, भाषणं झाली, जाताना त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छत्री फार टिकली हो तुमची."